डिस्कोच्या गाण्यातला नुसता ठोका

माझ्या थोरल्या भावाला, अण्णाला, ऐकू येणं बंद झालं तेव्हा त्याने पासष्टी ओलांडली होती. मेंदूज्वर झाला, त्यातून तो वाचला, पण दोन्ही कान गेले. हॉस्पिटलातून घरी आणलं त्या सकाळी येलहंक्याच्या आमच्या घरावरून हवाई दलाची विमानं सरावासाठी घिरट्या घालत होती. खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या, मी कानांवर हात दाबून उभी होते आणि अण्णा पलंगावर बसून इडलीचा तुकडा सांबारात बुडवत होता. त्याने वर बघितलंसुद्धा नाही. डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं होतं, तरी काय झालंय ते मला खरं कळलं ते तेव्हा.

आमचं घराणं बेंगळुरात कित्येक पिढ्यांचं. घरात मराठीच बोलतो, पण त्यात कन्नड इतकं मुरलंय की पुण्याकडचे पाहुणे तोंडावर हात ठेवून हसतात. थोरला भाऊ आमच्याकडे दादा नसतो, अण्णा असतो. अण्णाने लग्न केलं नाही. माझे यजमान गेल्यावर मी शाळेतली नोकरी संपवून त्याच्याकडेच राहायला आले. तो एका सरकारी कारखान्यात टूलरूममध्ये लेथवर होता, पण ती त्याची दिवसाची ओळख. संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी तो ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायचा. चार जाड तारांची ती गिटार. ऐकणाऱ्याला ती वेगळी अशी ऐकू येत नाही, पण ती थांबली की गाण्याच्या पायाखालची जमीन गेल्यासारखं वाटतं.

मी कॉलेजात असताना एक हिंदी सिनेमा आला, सगळा डिस्कोवर. त्याचं नाव मी सांगत नाही. सांगितलं तर वाचणाऱ्याच्या डोक्यात त्यातलं गाणं सुरू होईल आणि मला जे सांगायचंय ते मागे पडेल. सिनेमा म्हणून त्यात फारसं काही नव्हतं. चमचमता कोट घातलेला नायक, खालून दिवे लागणारी फरशी, सूडाची गोष्ट. पण त्यातलं संगीत! आमच्या घरात तोवर पहाटे कन्नड दासांची पदं आणि रात्री वडिलांची नाट्यगीतं, एवढंच होतं. त्यात हे येऊन पडलं. ढब, ढब, ढब, ढब, कुठेही न चुकणारा ठोका, मधे टाळ्या, वर सायरनसारखा चढत जाणारा सिंथेसायझर, लांबून घुमत येणारा बाईचा आवाज, आणि या सगळ्याच्या खालून सापासारखा वळवळत जाणारा बेस. अण्णाने मॅजेस्टिकच्या थिएटरात तो सिनेमा किती वेळा पाहिला कोण जाणे. पडद्याकडे तो बघायचाही नाही. भिंतीवरच्या स्पीकरच्या खालची खुर्ची धरायचा आणि मान खाली घालून ऐकायचा.

मग त्याने कॅसेट आणली. स्वरलिपी वगैरे त्या गाण्यांची कुठे मिळणार? थोडं ऐकायचं, मागे न्यायचं, पुन्हा ऐकायचं. एका गाण्याच्या सुरुवातीला बराच वेळ नुसता बेस आहे. तेवढा तुकडा बोटांत उतरेपर्यंत फीत ताणली जाऊन गाणं तिथे आचके द्यायला लागलं. वडील म्हणायचे, "हे काय संगीत आहे? एका ठेक्यावर घाणा फिरवल्यासारखं." अण्णा म्हणायचा, "आप्पा, स्वल्प थांबा, खालचं ऐका." आप्पांनी खालचं कधी ऐकलं नाही. मी ऐकलं. त्याने माझा तळहात स्पीकरच्या लाकडावर ठेवला आणि म्हणाला, "वरचं सगळं विसर. हाताला काय लागतंय ते ऐक." तेव्हापासून मला कुठलंही गाणं आधी खालून ऐकू येतं.

पुढची कितीतरी वर्षं त्यांच्या ऑर्केस्ट्राला बोलावणी यायची ती त्या गाण्यांसाठी. लग्नं, गणपती, नोव्हेंबरातला कन्नड राज्योत्सव. कन्नड गाणी व्हायची, भावगीतं व्हायची, आणि मग मागून ओरडा सुरू व्हायचा. गाणारी बाई, जी पुढे आमच्या घरच्यासारखीच झाली, माइक घेऊन मागे सरकायची आणि अण्णा एकटा पुढे यायचा. तो बेसचा तुकडा तो मुद्दाम लांबवायचा. लोक उठून उभे राहायचे. चष्मेवाला, तेल लावून भांग पाडलेला, कारखान्याच्या बसने घरी येणारा माझा भाऊ, आणि त्याच्या चार तारांवर अख्खं मैदान उड्या मारतंय. मी ते पाहिलंय.

कान गेल्यावर आम्ही पांढऱ्या फळ्यावर लिहून बोलायचो. मी लिहायची, तो वाचून तोंडाने उत्तर द्यायचा. पहिले काही दिवस तो भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. मग एका दुपारी मी स्वयंपाकघरातून बाहेर आले तर तो गिटार घेऊन बसलेला. तिचं लाकूड त्याने छातीच्या हाडाला टेकवलं होतं. ती कुठेही जोडलेली नव्हती, तारांचा नुसता चटचट आवाज येत होता, पण बोटं बघून मला कळलं कुठलं गाणं आहे ते. दुसरं कडवं चाललं होतं. त्याने डोळे उघडले आणि हसला.

"सगळं आहे गं," तो म्हणाला, बहिऱ्या माणसासारखा जरा मोठ्याने. "आत सगळी कॅसेट जशीच्या तशी आहे. बाई गाते, टाळ्या पडतात, सगळं. बाहेरचंच बंद झालंय."

मी फळ्यावर लिहिलं, "खरंच?"

"खरंच. फीत ताणलेली, तीसुद्धा तिथेच अडकते."

त्या दिवसांत तो सुखी होता असं मी म्हणणार नाही. पण दुपारी गिटार छातीला लावून बसायचा तेव्हा तो एकटा नसायचा.

डॉक्टर म्हणाले, साध्या श्रवणयंत्राचा उपयोग नाही, ऑपरेशन करून कानाच्या आतच यंत्र बसवावं लागेल. आणि या आजारानंतर आतला भाग हळूहळू हाडासारखा कठीण होत जातो, म्हणून उशीर नको. बाहेरून एक गोल चकती चुंबकाने डोक्याला चिकटते, ती आवाज पकडते आणि विजेच्या खुणा करून आत पाठवते. अण्णाने फळ्याकडे बघून एकच प्रश्न विचारला, "गाणं ऐकू येईल?" डॉक्टर मला म्हणाले, "आधी बोलणं येऊ दे. मग बघू." मी फळ्यावर तेच लिहिलं. अण्णाने त्यातलं "मग बघू" तेवढं धरून ठेवलं.

ऑपरेशन नीट झालं. जखम भरल्यावर यंत्र चालू करायला आम्ही एचएसआर लेआउटमधल्या एका क्लिनिकमध्ये गेलो. येलहंक्याहून तिकडे जायचं म्हणजे सगळं शहर ओलांडायचं. तिथली ऑडिओलॉजिस्ट वयाने लहान, मऊ बोलणारी मुलगी होती. तिने कॉम्प्युटरला वायर जोडली आणि मला खूण केली, बोला म्हणून.

"अण्णा," मी म्हटलं.

तो दचकला. डोळे मोठे झाले. "कोण डबा वाजवतंय?"

"मी बोलतेय."

"पत्र्याच्या डब्यात खडे," तो म्हणाला, आणि हसायला लागला, आणि मग डोळे पुसायला लागला. मीही. ती मुलगीही हसत होती. "स्वल्प वेळ द्या, सर," ती त्याला कन्नडमध्ये म्हणाली. "मेंदूला ही नवी भाषा शिकायची आहे."

आणि तो शिकला, तेही मन लावून. मी वर्तमानपत्र मोठ्याने वाचायची, तो डोळे मिटून ओळखायचा. आधी नुसते खडे, मग खड्यांतून शब्द, मग वाक्यं. काही महिन्यांत फळा भिंतीला टेकून पडला. कुकरची शिट्टी, दाराची घंटा, दुधाच्या गाडीचा हॉर्न, सगळं त्याला कळायला लागलं, जरी एकाचाही आवाज पूर्वीसारखा नसला तरी. क्लिनिकमधली मुलगी प्रत्येक खेपेला खूश होती.

गाणं मात्र त्याने ऐकलं नव्हतं. मुद्दाम. रस्त्यात कुठे स्पीकर लागला असेल तर चकती काढून खिशात टाकायचा. "आधी यंत्र बसू दे नीट," म्हणायचा. "ती कॅसेट मी अर्धवट ऐकणार नाही." शेवटी त्या मुलीनेच सांगितलं, आता संगीत सुरू करा, अगदी ओळखीचं, जे तुम्हाला पाठ आहे असं. अण्णाने माझ्याकडे बघितलं. काय लावायचं हे विचारायची गरज नव्हती.

रविवारची दुपार होती. कॅसेट तर केव्हाच गेली होती. मी मोबाइलवर शोधून छोट्या स्पीकरला जोडलं. अण्णाने दाढी केली होती, धुतलेला शर्ट घातला होता. खुर्ची ओढून तो स्पीकरसमोर बसला आणि हात मांडीवर ठेवले. मी गाणं लावलं. बेस सुरू झाला. तोच तुकडा. 

थोड्या वेळाने तो म्हणाला, "लाव की."

"लावलंय."

त्याने मान पुढे केली. कपाळाला आठ्या पडल्या. "ठोका येतोय," तो म्हणाला. "ठक, ठक, ठक, ठक. बाकी काय आहे?"

"बेस आहे. आता वरून सिंथेसायझर आला."

"नाही. खरखर आहे. पत्रे घासतायत."  बाईचा आवाज सुरू झाला, कडवं झालं. "आता कोणी गातंय का?"

"हो."

"बाई की पुरुष?"

 जो आवाज त्याने अर्धं आयुष्य ऐकला, तो बाईचा आहे का हे तो मला विचारत होता. "बाई," मी म्हटलं. तो म्हणाला, "दुसरं लाव." मी त्याच सिनेमातलं दुसरं लावलं, मग तिसरं. "सगळी एकच आहेत," तो म्हणाला. मग आप्पांच्या आवडीचं एक नाट्यगीत लावलं. त्यात तर ठोकाही पक्का नसतो. ते ऐकताना त्याने दोन्ही हातांनी चकती झाकली, जसं कोणी कानात ओरडत असावं.

पुढच्या खेपेला क्लिनिकमध्ये त्या मुलीने कॉम्प्युटरवर बरंच काही बदलून पाहिलं. फरक पडला नाही. मग तिने खुर्ची वळवली आणि सरळ सांगितलं. हे यंत्र बोलण्यासाठी बनवलंय. ठोका ते चांगला दाखवतं, पण सुरांतले बारीक फरक त्याच्यातून जात नाहीत. काही जणांना सरावाने थोडंफार जमतं. "ओळखीचं गाणं पुन्हापुन्हा ऐका. आठवणीची मदत होते, सर."

"सरी, बरं," अण्णा म्हणाला, आणि घरी येऊन आम्ही सराव सुरू केला. रोज जेवणानंतर. मी गाण्याबरोबर बोलत जायची: आता बेस, आता टाळ्या, आता बाई आली, आता वर चढली. काही दिवसांनी तो म्हणायला लागला, "हां. येतंय. आता येतंय!" एकदा तर बोटाने हवेत सूर दाखवत गेला, आणि ते बरोबर होते. मी ऑर्केस्ट्रातल्या आमच्या गायिकेला फोन करून सांगितलं. ती के. आर. पुरमला राहते. ती फोनवरच रडली.

मग एके दिवशी अण्णा म्हणाला, "आज तू बोलू नकोस. काहीही लाव, सांगू नकोस काय आहे ते."

मी एक कन्नड सिनेमाचं गाणं लावलं. साधारण त्याच चालीचा ठोका होता, बाकी सगळं वेगळं. अण्णा डोळे मिटून ऐकत राहिला. मग त्याचं बोट उठलं आणि तेच डिस्कोचं गाणं हवेत काढायला लागलं, कडव्यापर्यंत, चेहऱ्यावर तोच आनंद घेऊन. मी गाणं बंद केलं. त्याने डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं.

"दुसरंच होतं ना?"

मी हो म्हटलं.

"म्हणजे मी ऐकत नव्हतोच," तो म्हणाला. "आठवत होतो." आणि उठून पाणी प्यायला गेला.

गायिकेला हे मी सांगितलं नाही, कारण तोवर तिने ठरवून टाकलं होतं. जुन्या ऑर्केस्ट्रातले जे उरलेत त्यांना घेऊन के. आर. पुरमच्या एका हॉलमध्ये कार्यक्रम करायचा, फक्त त्या काळातल्या डिस्को गाण्यांचा, आणि अण्णाने त्यात वाजवायचं. ती घरी येऊन त्याच्यासमोर बसली आणि तोंड नीट दिसेल असं सावकाश बोलली. "अण्णा, तुमच्याशिवाय ते गाणं मी गाणार नाही."

मला वाटलं तो नाही म्हणेल. तो म्हणाला, "ठोका तर ऐकू येतो. बाकीचं माझ्याकडे आहे. अजून काय लागतं?"

आणि तालमीत ते खरंही ठरलं. ड्रमच्या शेजारी उभा राहून, हातांकडे न बघता, त्याने सगळं गाणं बिनचूक वाजवलं. कीबोर्डवाल्याने येऊन त्याची पाठ थोपटली. परत येताना टॅक्सीत तो सगळा वेळ बोलत होता, बाहेर काय दिसतंय याच्याबद्दल, मेट्रोच्या खांबांबद्दल, काय वाट्टेल त्याबद्दल. इतकं तो कान असतानाही बोलत नसे.

कार्यक्रम रविवारी दुपारी होता. हॉल भरला होता, बहुतेक सगळे आमच्याच वयाचे, काहींच्या हातात काठ्या. गायिकेचा घसा सकाळपासून बसला होता. दोन-तीन गाणी तिने कशीबशी ओढली आणि मग कीबोर्डवाल्याकडे वळून खूण केली की पुढचं एक पट्टी खाली घ्या. त्याने कीबोर्डवरचं बटण दाबलं. मग तो अण्णाकडे वाकून काहीतरी म्हणाला. मागे टाळ्या चालल्या होत्या, ड्रमवाला काठ्या आपटत होता. अशा गोंगाटात अण्णाच्या यंत्राला एक शब्द वेगळा काढता येत नाही. पण अण्णाने मान डोलावली. ज्यांना ऐकू येत नाही ती माणसं मान डोलावतात. पुन्हापुन्हा "काय?" विचारायचा कंटाळा येतो, आणि लाजही वाटते.

सुरुवातीचा एकट्याचा तुकडा त्याने वाजवला आणि लोकांनी शिट्ट्या मारल्या. तो पुढे आला होता, तसाच, तेल लावून भांग पाडलेला, केस आता पांढरे. मग कीबोर्ड आत आला. अण्णा जुन्या पट्टीत होता. बाकी सगळे खाली. बाईने गायला तोंड उघडलं आणि खालून बेस तिला धरून भलतीकडे ओढत होता. लोकांना नेमकं काय चुकतंय ते कळत नव्हतं, पण चेहरे आक्रसले होते. पुढच्या रांगेतल्या एका बाईने नवऱ्याकडे बघून भुवया उंचावल्या. कीबोर्डवाला अण्णाकडे बघून मान हलवत होता, आणि अण्णा त्याच्याकडे बघून हसत होता. त्याला वाटलं तो दाद देतोय.

मी उठले होते, स्टेजकडे जायला. तेवढ्यात बाजूला बसलेल्या साउंडवाल्याने हात पुढे करून अण्णाचा आवाज खाली ओढला. पूर्ण खाली. गाणं एकदम स्वच्छ झालं आणि पोकळही. गायिकेने डोळे मिटून घेतले आणि गात राहिली. अण्णाही वाजवत राहिला, शेवटच्या ठोक्यापर्यंत, एकही ठोका न चुकवता. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. त्याने वाकून नमस्कार केला.

टॅक्सीत बसल्यावर मी म्हटलं, "छान झालं."

तो खिडकीतून बाहेर बघत होता. तिकडेच बघत म्हणाला, "माझ्या मागचा स्पीकरचा बॉक्स बंद केला होता."

"तुला कसं कळलं?"

"अगं, पायाखालची फळी थरथरते. ती थांबली की कळतं. पट्टी बदलली होती का?"

"हो."

"हां. कीबोर्डवाल्याने तेच सांगितलं असणार."

"मग थांबला का नाहीस?"

"ती गात होती ना," अण्णा म्हणाला.

त्यानंतर त्याने संगीताचा सराव सोडला. मला वाईट वाटलं, पण थोडं हायसंही वाटलं. तो म्हणाला, "जाऊ दे. आतलं तर आहे." आणि पूर्वीसारखी दुपारी चकती काढून, गिटार छातीला लावून तो बसला. मी भाजी निवडत होते. बोटं नेहमीसारखी चालली होती. मग ती थांबली. पुन्हा सुरू झाली, पुन्हा थांबली. त्याने गिटार मांडीवर आडवी ठेवली.

"ते सुरू कसं होतं गं?"

मला वाटलं चेष्टा करतोय. बोटांनी तर आत्ताच वाजवलं होतं! मी फळा उचलून लिहिलं, "तूच वाजवलंस आत्ता."

"हात वाजवतात," तो म्हणाला. "आत काही नाही. आत पत्रे घासतायत. तेच, यंत्रातलं." त्याने डोळे घट्ट मिटून घेतले. "बाईचा आवाज आणायला बघतो, तर खरखर येते. ठोका येतो आणि खरखर येते."

मी फळ्यावर सूर लिहिले. सा, ग, प, पुन्हा ग, मला येत होते तसे. त्याने ते वाचले, तारांवर बरोबर दाबले, आणि फळा मला परत दिला. "अक्षरं आहेत," तो म्हणाला. मी ते कसं वाजतं हे त्याला दाखवायला निघाले होते, पण दाखवणार कसं? गाऊन दाखवायचं तर ते त्या यंत्रातूनच आत जाणार होतं.

कान गेल्यावरच्या सगळ्या शांततेत ती कॅसेट त्याच्या आत शाबूत राहिली होती. रोज जेवणानंतर आम्ही दोघांनी तिच्यावर तो गोंगाट भरला होता, ऐकू यावं म्हणून. क्लिनिकमधल्या मुलीला मी हे सांगितलं तेव्हा तिने त्याची फाइल पुन्हा चाळली. असं तिने कोणाकडून ऐकलं नव्हतं. परत येईल कदाचित, म्हणाली, पण तिच्या आवाजात तसा विश्वास नव्हता. अण्णाने काही आठवडे चकती लावलीच नाही, आत पुन्हा साफ होतं का ते बघायला. आम्ही परत फळ्यावर आलो. साफ झालं नाही. उलट पुन्हा चकती लावली तेव्हा ऐकलेलं बोलणंही निसटायला लागलं होतं, आणि मला वर्तमानपत्र पहिल्यापासून मोठ्याने वाचावं लागलं. गिटार त्याने गायिकेच्या घरी पाठवून दिली. तिने ती कोणाला दिली हे त्याने विचारलं नाही.

आता त्याला बोलणं पुन्हा नीट कळतं. फोनवरही बोलतो. क्लिनिकच्या चाचण्यांत त्याचे शब्द इतके बरोबर येतात की ती मुलगी इतरांना त्याचं उदाहरण देते. गेल्या महिन्यात तिने आम्हाला मुद्दाम थांबवून घेतलं. एक गृहस्थ ऑपरेशनला घाबरत होते, त्यांच्याशी अण्णाने दोन शब्द बोलावेत म्हणून. गृहस्थांना तर काहीच ऐकू येत नव्हतं, बायको बोलत होती. अण्णाने तिला सगळं समजावून सांगितलं, जखम कशी भरते, पहिल्या दिवशी डब्यात खडे वाजल्यासारखं वाटतं, घाबरायचं नाही, रोज कोणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्यायचं. तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरत गेला.

"यांना गाण्याचं फार वेड आहे," ती म्हणाली. "गाणं ऐकू येतं का हो?"

अण्णाने त्या गृहस्थांकडे पाहिलं. ते आमच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होते, काहीतरी कळेल या आशेने.

"बोलणं फार छान येतं," अण्णा म्हणाला. "अगदी स्पष्ट."

तिने ते नवऱ्याला कागदावर लिहून दाखवलं. त्यांनी अण्णाचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. मग आम्ही खाली उतरलो. रिंगरोडला सगळीकडे गाड्या तुंबल्या होत्या, घरी पोचायला संध्याकाळ झाली. वाटेत अण्णाने चकती काढून खिशात टाकली.